आभारप्रदर्शन, जॉर्जियन पद्धतीचं

तिबिलिसी शहरावर नजर ठेवून सोलोलाकी टेकडीवर अ‍ॅल्युमिनियमची एक उंच बाई उभी आहे. तिच्या एका हातात वाइनचा वाडगा आहे आणि दुसऱ्या हातात तलवार. मित्र म्हणून येणाऱ्याला वाडगा, शत्रू म्हणून येणाऱ्याला तलवार, असा तिचा सरळ हिशेब. १९५८ मध्ये शहरानं आपली पंधराशे वर्षं साजरी केली, त्या निमित्तानं शिल्पकार एल्गुजा अमाशुकेली यांनी ही 'कार्टलिस देदा', म्हणजे जॉर्जियाची माता, उभी केली. या देशात अरब आले, मंगोल आले, तैमूर आला, इराणी, तुर्क आणि रशियनही आले. १७९५ मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानानं हे शहर जाळून बेचिराख केलं. एवढं सोसूनही हातातला वाडगा खाली ठेवायचा नाही, हे त्या पुतळ्याचं खरं वैशिष्ट्य.

पुण्याहून गेलेल्या एका छोट्या गटानं सप्टेंबरच्या अखेरीस हा देश पूर्वेकडून पश्चिमेपर्यंत पाहिला. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मावशी, त्यांची मोबाइलवर भाषांतर करत सगळ्यांना सांभाळून घेणारी भाची, बँकेतून निवृत्त झालेले काका आणि फोंड्याचं माहेर असलेल्या काकू. आपल्याकडे आभारप्रदर्शन हा कार्यक्रमपत्रिकेतला शेवटचा भाग असतो. तो सुरू झाला की मागच्या खुर्च्या सरकू लागतात. घरात तर कुणी आभार मानले की समोरचा रागावतो: "आपल्यात कसले आलेत आभार?" अशा वातावरणात वाढलेल्या या चौघांना जॉर्जियात जेवण ऐन रंगात असताना उभं राहून, ज्याला उद्देशून बोलायचं त्याच्याकडे पाहत, पूर्ण वाक्यांत आभार मानावे लागले. सुरुवातीला त्यांना अवघडल्यासारखं झालं. प्रवासाच्या शेवटी मात्र चौघांनाही त्याची गोडी लागली होती.

अंगणातला मुरंबा

जुन्या तिबिलिसीतली घरं पाहताना पुण्याच्या वाड्यांची आठवण येते. मधे सामाईक चौक, भोवती लाकडी सज्जे, बाहेरून वर जाणारा जिना, आणि कुणाकडे कोण आलं हे सगळ्या बिऱ्हाडांना ठाऊक. अशाच एका घराच्या वरच्या मजल्यावर गटाचा मुक्काम होता. घरमालकीणबाई सत्तरीच्या, आयुष्यभर पियानो शिकवलेल्या. त्यांची मुलगी इटलीत एका वृद्ध जोडप्याची देखभाल करते आणि मुलगा पोलंडमध्ये आहे. रिकाम्या झालेल्या खोल्या त्या पाहुण्यांना देतात.

ही एका घरापुरती गोष्ट नाही. १९८९ मध्ये जॉर्जियाची लोकसंख्या सुमारे ५४ लाख होती, २०१४ च्या जनगणनेत ती ३७ लाखांवर आली. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि पाठोपाठ यादवी, अबखाझियातलं युद्ध, बंद पडलेले कारखाने आणि दिवसातून काही तासच येणारी वीज असं दशक गेलं. माणसं पोटासाठी बाहेर पडली. आज इटली-ग्रीसमध्ये काम करणाऱ्या जॉर्जियन बायकांच्या पैशांवर इथली असंख्य घरं चालतात. मागे राहिलेल्या आया घरातल्या रिकाम्या खाटा पर्यटकांना देतात. पाहुणचाराच्या मागे हा जमाखर्चही आहे, आणि तो लपवण्याची इथे कुणाला गरज वाटत नाही.

पहिल्याच संध्याकाळी बाईंनी कोवळ्या हिरव्या अक्रोडांचा मुरंबा आणि चहा पुढे केला. भारतीय म्हटल्यावर राज कपूरचं नाव निघणार, याची काकांनी तयारी ठेवली होती. बाई बोलू लागल्या त्या मात्र तारिएलबद्दल. शोता रुस्तवेलीनं बाराव्या शतकाच्या सुमारास राणी तामारच्या काळात 'वेप्खिस्टकाओसानी' हे महाकाव्य रचलं. व्याघ्रचर्म पांघरलेल्या वीराची ती कथा जॉर्जियन मुलं शाळेत तोंडपाठ करतात. पूर्वी मुलीच्या लग्नात रुखवतासोबत त्याची प्रत देत. त्यातला तो वीर, तारिएल, भारताचा राजपुत्र आहे, आणि त्याची हरवलेली प्रेयसी नेस्तान-दारेजान भारताची राजकन्या. रुस्तवेलीचा भारत कल्पनेतला आहे, त्याचा नकाशा कुणाला काढता येणार नाही. तरी आठशे वर्षं एका छोट्या देशातली मुलं भारताच्या राजपुत्राची कथा घोकत आली आहेत आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही, याचं मावशींना फार आश्चर्य वाटलं. भूगोलाच्या पुस्तकात त्यांनी जॉर्जिया मॅंगनीजसाठी शिकवला होता.

शत्रूला घरी नेणारा यजमान

तिबिलिसीहून उत्तरेला रशियाच्या सीमेकडे जाणारा रस्ता जुना लष्करी मार्ग म्हणून ओळखला जातो. म्त्सखेता या प्राचीन राजधानीजवळ म्टक्वारी आणि अराग्वी या नद्यांचा संगम आहे आणि वरच्या कड्यावर सहाव्या शतकातलं ज्वारी चर्च. पुढे अनानुरीचा किल्ला, बर्फाळ खिंड आणि ५,००० मीटरहून उंच काझबेकच्या पायथ्याचं गेर्गेती चर्च. या मार्गावरची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. चालकानं मात्र झिनवालीच्या जलाशयाजवळ गाडी मुख्य रस्त्यावरून आत वळवली. "आधी चारगली बघा, मग डोंगर," असं त्यानं भाचीच्या मोबाइलला सांगितलं आणि मोबाइलनं ते गंभीर आवाजात मराठीत ऐकवलं.

चारगली हे वाझा-प्शावेला या कवीचं गाव. खरं नाव लुका राझिकाश्विली, जन्म १८६१, मृत्यू १९१५. डोंगरात शाळामास्तरकी केली, शेती केली, गुरं राखली आणि जॉर्जियन भाषेतली काही सर्वश्रेष्ठ काव्यं लिहिली. त्यातलं एक 'यजमान आणि पाहुणा', १८९३ चं. कथा अशी आहे: जोकोला हा किस्त जमातीचा मुसलमान शिकारी. धुक्यात त्याला एक अनोळखी माणूस भेटतो आणि तो त्याला घरी आणतो. गावकरी पाहुण्याला ओळखतात. तो झ्वियादाउरी, शेजारच्या ख्रिस्ती खेवसूर जमातीचा, ज्यानं त्यांच्या गावातली कित्येक माणसं मारलेली असतात. गाव म्हणतं, त्याला आमच्या ताब्यात दे. जोकोला म्हणतो, आज तो माझा पाहुणा आहे. तो स्वतःच्या गावकऱ्यांवर शस्त्र उपसतो. पाहुण्याला वाचवणं त्याला साधत नाही आणि पुढे गावही त्याला आपलं मानत नाही.

कवीच्या घराची देखरेख करणाऱ्या बाईंनी कुलूप उघडलं, खोल्या दाखवल्या आणि निघताना काकूंच्या पदरात सफरचंदं टाकली. चालकानं मग कॉकेशसच्या डोंगरातलं जुनं गणित उलगडून सांगितलं. इथे शतकानुशतकं राजाचा हात पोचत नव्हता. पोलीस नव्हते, धर्मशाळा नव्हत्या आणि हिवाळ्यात उघड्यावर रात्र काढली तर माणूस सकाळी उठेलच असं नव्हतं. वैराची परंपरा मात्र पिढ्यान् पिढ्या चालत असे. अशा मुलखात उंबरठा ओलांडून आत आलेल्याला हात लावायचा नाही हा नियम सगळ्यांनीच पाळला, कारण प्रत्येकालाच कधी ना कधी खिंडीपलीकडे जावं लागणार होतं. मनाचा मोठेपणा त्यात होताच, पण तो त्या मुलखाचा कायदाही होता.

तेलावीचं टेबल

गोम्बोरीच्या घाटातून पूर्वेला उतरलं की काखेती लागतं. अलाझानी नदीचं रुंद खोरं, समोर कॉकेशसची भिंत आणि मधे नजर जाईल तिथे द्राक्षांचे मळे. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे इथला 'र्त्वेली', द्राक्षं काढायचा हंगाम. नाशिककडे द्राक्षबागा पाहिलेल्या काकांना इथे मांडव दिसेनात, वेली खुरट्या आणि रांगेत. दक्षिण जॉर्जियातल्या गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा या उत्खननांत सापडलेल्या मडक्यांच्या तुकड्यांत सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या द्राक्षाच्या वाइनचे अंश मिळाले. २०१७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. द्राक्षाच्या वाइनचा त्याहून जुना पुरावा तेव्हा हाती नव्हता.

इथली वाइन 'क्वेव्री'त होते. क्वेव्री म्हणजे माणूस आत उतरून घासू शकेल एवढा मोठा, निमुळत्या बुडाचा मातीचा रांजण. त्याला आतून मधमाश्यांचं मेण लावतात आणि तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. द्राक्षांचा रस, साली, बिया, काही वेळा देठसुद्धा, सगळं त्यात जातं आणि तोंड लिंपून पाचसहा महिने तसंच राहतं. जमिनीचा गारवा बाकीचं काम करतो. पांढऱ्या द्राक्षांची वाइनही त्यातून मधाच्या रंगाची निघते. या पद्धतीला युनेस्कोनं २०१३ मध्ये आपल्या यादीत स्थान दिलं. मधल्या काळात तिच्यावर दोन मोठे घाव बसले होते. १९८५ नंतर गोर्बाचेव्ह यांच्या दारूविरोधी मोहिमेत मळेच्या मळे उपटले गेले आणि २००६ मध्ये रशियानं जॉर्जियन वाइनची आयात बंद केली. ती बंदी २०१३ पर्यंत टिकली. हुकमी गिऱ्हाईक गेल्यावर शेतकऱ्यांना चांगली वाइन करून इतर देशांत बाजार शोधणं भाग पडलं, आणि आजीच्या अंगणातले रांजण पुन्हा मोलाचे झाले.

तेलावीजवळच्या एका गावात दिवसभर द्राक्षं खुडल्यावर संध्याकाळी 'सुप्रा' मांडला गेला. सुप्रा म्हणजे मेजवानी, पण नियमांनी बांधलेली. एक जण 'तामादा' होतो. इथे तो मान यजमानाच्या थोरल्या भावाचा होता, जे शाळेत इतिहास शिकवत. तामादा एकेक विषय घेतो, त्यावर बोलतो, मग सगळे प्याले उंचावून "गाउमार्जोस!" म्हणतात. आधी शांतता आणि देश, मग दिवंगत, मग मुलं, बायका, पाहुणे. क्रम घरागणिक थोडा बदलतो, पण कुणाच्या तरी नावानं बोलल्याशिवाय घोट घ्यायचा नाही हे पक्कं. तामादा पुढचा शब्द एखाद्या पाहुण्याकडे सोपवतो, त्याला 'अलावेर्दी' म्हणतात. मग त्या पाहुण्याला उठावंच लागतं.

गटाला दोन चिंता होत्या. पहिली शाकाहाराची. ती भाचीनं घाबरत घाबरत सांगितली, तर यजमानीणबाई हसून म्हणाल्या, "म्हणजे उपासाचं!" ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात बुधवार-शुक्रवारी आणि वर्षातल्या चार मोठ्या उपासकाळांत मांस, दूध, अंडी वर्ज्य. त्यामुळे उपासाच्या पदार्थांची एक आख्खी परंपराच इथे आहे. अक्रोडाचं वाटण भरलेली वांग्याची सुरळी, पालकाचे आणि बिटाचे 'प्खाली', मातीच्या मडक्यात शिजलेला राजम्यासारखा 'लोबिओ', भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून भाजलेली होडीसारखी भाकरी. वाटणातल्या मेथीच्या वासानं काकू थबकल्या. कॉकेशसमध्ये निळ्या फुलांची मेथी वाळवून मसाल्यात घालतात. दुसरी चिंता काकांची, ते दारू घेत नाहीत. त्यांच्या हाती टॅरॅगॉनच्या पानांचं हिरवंगार सरबत आलं. प्याल्यात काय आहे यापेक्षा तुम्ही काय बोलता, याला इथे जास्त महत्त्व.

रात्री उशिरा तामादांनी गोव्याचं नाव घेतलं, तेव्हा मराठी टोकाला एकदम शांतता पसरली. काखेतीची राणी केतेवान १६१४ मध्ये मुलाचं राज्य वाचवण्यासाठी इराणच्या शाह अब्बासकडे वाटाघाटींना गेली आणि तिथेच अडकली. दहा वर्षं शिराझमध्ये कैदेत राहिली. धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये तिला हालहाल करून मारण्यात आलं. तिथल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी गुपचूप जपल्या आणि त्यांचा काही भाग समुद्रमार्गे जुन्या गोव्यात आणून सेंट ऑगस्टिनच्या मठात ठेवला. पुढे मठ ओस पडला, छत कोसळलं, मनोऱ्याचा निम्मा भाग उरला. जुनी पोर्तुगीज कागदपत्रं हाती धरून पुरातत्त्व खात्यानं त्या अवशेषांत शोध घेतला आणि सापडलेल्या हाडाची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत झाली. तिथल्या शास्त्रज्ञांना त्या डीएनएचा वंश भारतात न आढळणारा आणि जॉर्जियात आढळणारा दिसला. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्या अवशेषांचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला.

"आमच्या राणीला तुम्ही जवळपास चारशे वर्षं ठेवून घेतलंत," तामादा म्हणाले, "म्हणून हा प्याला गोव्याचा." आणि त्यांनी अलावेर्दी काकूंकडे दिली.

काकू आयुष्यात कधी भाषणाला उभ्या राहिल्या नव्हत्या. थोड्या वेळापूर्वी टेबलाभोवतीच्या पुरुषांनी तीन वेगवेगळ्या सुरांत एकाच वेळी 'चाक्रुलो' हे काखेतीचं युद्धगीत गायलं होतं. १९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर यानांबरोबर जगभरातल्या संगीताची जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात धाडली, तिच्यावर ते गाणं आहे, असं यजमानांनी अभिमानानं सांगितलं होतं. काकूंनी तोच धागा उचलला. त्याच तबकडीवर भारताकडून केसरबाई केरकर यांची भैरवी आहे आणि केसरबाई फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, म्हणजे काकूंच्या माहेरच्या शेजारच्या. दोन्ही गाणी सूर्यमालेबाहेर एकाच पेटीत बसून प्रवास करताहेत, तर मग आपण एका टेबलावर बसलो यात नवल ते काय, असं काकू म्हणाल्या आणि थांबल्या. मोबाइलनं भाषांतर करेपर्यंत सगळे गप्प होते. नंतर झालेला "गाउमार्जोस" शेजारच्या घरापर्यंत गेला असणार, कारण तिथले लोकही उठून आले.

वाइनशिवायची मेजवानी

तेलावीपासून जवळच पांकिसीचं खोरं आहे. इथे किस्त राहतात, एकोणिसाव्या शतकात चेचन्यातून डोंगर ओलांडून आलेल्यांचे वंशज. जोकोलाचेच हे लोक. १९९९ मध्ये चेचन्यात दुसरं युद्ध पेटलं तेव्हा हजारो निर्वासित या खोऱ्यात उतरले. मूठभर गावांनी त्यांना सामावून घेतलं, पण त्यांच्यासोबत बंदूकधारीही आले. पांकिसीचं नाव जगभर दहशतवादाच्या बातम्यांत जाऊन बसलं ते तेव्हापासून. तिथले काही तरुण पुढे सीरियाच्या युद्धातही गेले. ती बदनामी अजून पुरती पुसली गेलेली नाही. तेलावीतल्या काहींनीही "तिकडे कशाला?" असं विचारलंच.

या बदनामीवर उत्तर शोधलं ते बायकांनी. दुइसी आणि आसपासच्या गावांत त्यांनी आपल्या घरांत पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. इथल्या टेबलावर वाइन नसते. नेटल या खाजऱ्या वनस्पतीची कोवळी पानं भरलेले उकडीचे पदार्थ, भोपळ्याची पोळी, मध, चीज आणि रानवनस्पतींचा चहा. शुक्रवारी दुपारी दुइसीच्या जुन्या मशिदीत बायका सूफी पद्धतीचा झिक्र करतात. आधी बसून संथ, मग उभं राहून गोल फिरत, टाळ्या आणि पावलांच्या ठेक्यावर. बाहेरच्या स्त्री-पुरुषांना कडेला बसून पाहता येतं. मावशींना त्या ठेक्याची ओळख पटायला फार वेळ लागला नाही. वारीच्या वाटेवर त्यांनी अनेक वर्षं फुगड्या घातलेल्या आहेत. झिक्र संपल्यावर म्हाताऱ्या बायकांनी एकेकीला जवळ घेऊन आशीर्वाद दिला आणि चौघांपैकी कुणाचा धर्म कोणता हे विचारलं नाही.

घर गमावलेल्यांच्या घरी

पुन्हा पश्चिमेकडे निघालं की तिबिलिसी-गोरी महामार्गाच्या कडेला सारख्याच बैठ्या घरांच्या लांबच लांब रांगा दिसतात. ही त्सेरोवानी वसाहत. ऑगस्ट २००८ मध्ये रशिया-जॉर्जिया युद्ध पाच दिवस चाललं आणि दक्षिण ओसेतिया भागातून हजारो लोक विस्थापित झाले. त्यांच्यासाठी सरकारनं काही महिन्यांत ही घरं बांधली. त्याआधी अबखाझियाच्या युद्धानं १९९२-९३ मध्ये अडीच लाखांच्या आसपास लोकांना बेघर केलं होतं. एवढ्या छोट्या देशात हा आकडा केवढा मोठा, ते वेगळं सांगायला नको.

चालकाची वहिनी त्सेरोवानीत राहते. तिचं माहेर-सासर दोन्ही अखालगोरीचं, महामार्गापासून फार दूर नाही, पण तिला तिथे जाता येत नाही. दोन खोल्यांच्या घरात तिनं चौघांना बसवलं, चीज भरलेलं 'खाचापुरी' भट्टीतून काढलं आणि मागच्या तुकडाभर जमिनीतले टोमॅटो कापले. पैशांचं नाव काढताच तिचा चेहरा उतरला. प्रवासभर दिसलेली रीत तिच्या नकारातून उलगडली. पाहुण्यांसाठी खोल्या देणारी घरं मुक्कामाचे आणि ठरलेल्या जेवणाचे पैसे घेतात, त्यात संकोच नसतो. पण जिथे तुम्ही कुणाचे तरी कोण म्हणून येता तिथे पैसे दाखवणं म्हणजे नातं नाकारणं. काकूंनी पिशवीतून लोणावळ्याच्या चिक्कीचा डबा काढला. तो पाहून ती हसली. नववर्षाला जॉर्जियात मध आणि अक्रोडाची 'गोझिनाकी' करतात, तिची ही बहीणच. मग तिनं आपल्या अखालगोरीतल्या सफरचंदाच्या बागेच्या नावानं प्याला उचलला. काकांनी पाण्याचा पेला उचलून, कुणी न सांगता, पहिल्यांदा स्वतःहून बोलायला सुरुवात केली.

बुरुजांच्या गावात

झुगदिदीहून स्वानेतीकडे चढताना एंगुरीचं धरण लागतं, २७१.५ मीटर उंचीचं, जगातल्या सर्वांत उंच कमानी धरणांपैकी एक. त्यापुढे डोंगर अंगावर येतात. मेस्तिया आणि उशगुलीत घराघराला चिकटून दगडी बुरूज उभे आहेत, बरेचसे नवव्या ते बाराव्या शतकांदरम्यानचे. परकीयांपासून बचावासाठी त्यांचा उपयोग झालाच, पण शेजाऱ्याशी पेटलेल्या वैरातही कुटुंबं त्यांत दडून बसत. २,१०० मीटरच्या आसपास वसलेल्या उशगुलीला वर्षातले कित्येक महिने बर्फ घेरून असतो.

मेस्तियात बटाट्यात चीज घोटून केलेलं 'ताश्मिजाबी' ताटात ओढताना यजमानानं एक कबुली दिली. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही काळ स्वानेती वाटमारीसाठी कुप्रसिद्ध होतं. परदेशी पाहुण्यांनाही लुटलं जाई. २००४ मध्ये सरकारनं टोळ्या मोडल्या, पुढे पक्का रस्ता आला आणि रस्त्यासोबत पर्यटक. मेस्तियाचा मिखाईल खेर्गियानी हा गिर्यारोहक १९६९ मध्ये इटलीच्या डोलोमाइट पर्वतात चढाई करताना गेला. त्याच्या घरातल्या संग्रहालयात आज जगभरचे गिर्यारोहक येतात. म्हणजे पाहुणचाराची रीत कितीही जुनी असली तरी तिला कायदा, रस्ता आणि रोजगार यांचा आधार लागतो. तो सुटला तर तीही सुटू शकते. गाइडबुकातल्या 'पिढीजात आतिथ्यशील लोक' या वाक्यापेक्षा हे उत्तर गटाला जास्त प्रामाणिक वाटलं.

चहाची चार पाकिटं

डोंगर उतरून काळ्या समुद्राकडे आलं की हवा दमट होते. हा जॉर्जियाचा चहाचा पट्टा. लाओ जुनझोउ हे चिनी तज्ज्ञ १८९३ मध्ये इथे आले आणि बातुमीजवळच्या चाक्वीत त्यांनी लागवड उभी केली. सोव्हिएत काळात देशभरच्या चहाचा मोठा हिस्सा इथून जाई. १९९१ नंतर ती बाजारपेठ कोसळली आणि अनेक मळ्यांवर रान माजलं. अलीकडे काही तरुण कुटुंबं जुन्या झुडपांची छाटणी करून हाताने खुडलेला चहा पुन्हा करू लागली आहेत.

काळ्या समुद्राकाठचा चहा म्हटल्यावर मावशींना सतीश कुमार आणि ई. पी. मेनन आठवले. १९६२ मध्ये हे दोघे दिल्लीहून अण्वस्त्रांविरुद्ध पायी निघाले. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे यांनी त्यांना सल्ला दिला होता की जवळ पैसे ठेवू नका. म्हणजे मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनपर्यंतचं प्रत्येक जेवण आणि प्रत्येक रात्रीचा आसरा अनोळखी यजमानांकडून. सोव्हिएत मुलखात काळ्या समुद्राकाठच्या एका चहाच्या कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चहाची चार पाकिटं दिली. अण्वस्त्रं बाळगणाऱ्या चार देशांच्या प्रमुखांना ती द्या, बटण दाबायची इच्छा झालीच तर आधी कपभर चहा घ्या म्हणावं. बिनपैशाच्या त्या दोघांना जे मिळालं, ते खिशात कार्ड असलेल्या या चौघांना दर मुक्कामी थोडं थोडं मिळत होतं.

परतीच्या वाटेवर पुन्हा तिबिलिसी. शहरात हजारो भारतीय मुलं वैद्यकीय शिक्षण घेतात, त्यांत महाराष्ट्रातलीही आहेत. मेट्रोत भेटलेल्या अशाच काही मुलांनी दुसरी बाजू सांगितली. भाड्यानं घर शोधताना भारतीय म्हणून नकार ऐकावा लागतो, कधी रस्त्यात टोमणे येतात. पण आजारपणात सूप करून देणारी, परीक्षेच्या दिवशी दारात उभी राहून क्रूसाची खूण करणारी घरमालकीणही त्यांच्यातल्या एकीनं पाहिली आहे. पंधरवड्याच्या पाहुण्याला दिसणारा देश आणि सहा वर्षं राहणाऱ्याला दिसणारा देश, यांत अंतर असणारच.

ज्यांची मुलं तिथे शिकत आहेत असे पालक कधी ना कधी तिबिलिसीला जातातच. त्यांनी कॉलेज पाहावं, टेकडीवर फिरून यावं, पण एक संध्याकाळ घरमालकीणबाईंसाठी राखून ठेवावी. सोबत चिक्की न्यावी. आणि जेवण चालू असतानाच उभं राहून, त्यांच्याकडे पाहून, मुलासाठी त्यांनी काय केलं ते चार वाक्यांत सांगावं. मराठीत बोललं तरी चालेल, भाषांतराला मुलं आहेतच.